चंपक चिपळूणकरचा दरोडा

हिंदी सिनेमात मराठी माणूस बँक लुटायला निघाला की त्याचं काही खरं नसतं. राजकुमार गुप्ताच्या 'घनचक्कर'मध्ये (२०१३) तिजोऱ्या उघडण्यात पटाईत असलेला संजू अत्रे बँक लुटतो, पैसे लपवतो आणि नंतर कुठे लपवले तेच विसरतो. त्यानंतर चार वर्षांनी, १६ जून २०१७ रोजी, चंपक चंद्रकांत चिपळूणकर पडद्यावर आला. साधाभोळा, वास्तुशास्त्रावर गाढ श्रद्धा असलेला, अंगात साधूचे कपडे आणि तोंडाला खोटी दाढी. सोबतीला दिल्लीहून आणलेले गेंदा आणि गुलाब हे दोन दिवटे, डोक्यावर प्राण्यांचे मुखवटे घातलेले. चित्रपटाचं नाव 'बँक चोर', दिग्दर्शक बंपी, चंपकच्या भूमिकेत रितेश देशमुख. हा चित्रपट तिकीटबारीवर चांगलाच आपटला.

आपटलेले चित्रपट पुष्कळ असतात. पण 'बँक चोर' कसा आपटला हे नीट पाहिलं तर एका अख्ख्या जातीच्या सिनेमाचं दुखणं हाती लागतं: कमी पैशात केलेली बँक-दरोड्याची कॉमेडी. ही जात जगभर दर दोन-चार वर्षांनी उगवते आणि बहुतेक वेळा तोंडावर पडते. मग पैसा कमी होता, स्टार छोटा होता, प्रसिद्धी झाली नाही, अशी कारणं दिली जातात. 'बँक चोर'ला त्यातलं एकही कारण पूर्ण लागू पडत नाही. मागे यशराजसारखं घराणं होतं. 'लव्ह का द एंड', 'मेरे डॅड की मारुती' असे आटोपशीर, तरुणांसाठीचे चित्रपट काढणाऱ्या वाय-फिल्म्स या त्यांच्या शाखेने तो काढला होता. आधी चंपकची भूमिका कपिल शर्मा करणार होता. तो बाहेर पडला आणि रितेश आला. विनोदाच्या वेळेचं भान असलेला नट हवा असेल तर रितेशपेक्षा चांगला पर्याय त्या वेळी फारसा नव्हता. प्रसिद्धीसाठी चित्रपटाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून चावट कोट्या करण्यात कसूर ठेवली नव्हती. तरी हसू आलं नाही.

मुळात निर्माता बँकेकडे वळतो ते हिशेबाने. कथा एका दिवसात, एका हॉलमध्ये घडते. परदेशवारी नाही, गाणी नसली तरी चालतात, एक मोठा सेट उभारला की काम झालं. कागदावर हे स्वस्त दिसतं. खर्च दडलेला असतो तो ओलिसांत. बँकेत एकदा पंचवीस माणसं अडकवली की ती शेवटपर्यंत प्रत्येक फ्रेमच्या कडेला दिसत राहिली पाहिजेत. म्हणजे शूटिंगच्या प्रत्येक दिवशी पंचवीस जणांची शिफ्ट, जेवण, तेच कपडे, त्याच जागा. भिंतीवरचं घड्याळ प्रत्येक शॉटला मागेपुढे करायचं. पैसे संपत आले की निर्माता पहिली कात्री लावतो ती शूटिंगच्या दिवसांना. दिवस कमी झाले की दिग्दर्शक कॅमेरा लांब ठेवून सगळ्यांना एकाच शॉटमध्ये कोंबतो आणि जवळून घ्यायचे शॉट सोडून देतो.

विनोदाचा जीव नेमका त्या सोडून दिलेल्या शॉटमध्ये असतो. गुलाब काहीतरी बावळटपणा करतो, यात विनोद अर्धाच आहे. उरलेला अर्धा तो पाहणाऱ्या कॅशियरच्या चेहऱ्यावर असतो: घाबरावं की याची चूक दुरुस्त करावी, या पेचात पडलेला चेहरा. तो शॉट नसेल तर संकलक काय करणार? मग मागे 'टॉइंग' वाजवतात. कमी खर्चाच्या विनोदी सिनेमात पार्श्वसंगीत इतकं आगाऊ का असतं, याचं उत्तर बहुधा इथेच आहे. न घेतलेल्या शॉटांची भरपाई तिथे चाललेली असते.

पण हे वरवरचं दुखणं झालं. खरं दुखणं प्लॅनमध्ये आहे. चोरांच्या नव्हे, पटकथेच्या.

दरोड्याच्या कॉमेडीचा एक गाजलेला नमुना म्हणजे मारिओ मोनिचेल्ली या इटालियन दिग्दर्शकाचा १९५८ सालचा 'इ सोलिती इन्योती'. रोममधले पाच-सहा कफल्लक भुरटे चोर एका सरकारी गहाणवटीच्या पेढीची तिजोरी फोडायचं ठरवतात. तोतो हा त्या काळचा लाडका विनोदवीर त्यांना तिजोरी फोडण्याची शिकवणी देतो, अगदी मास्तरकी थाटात. शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये शिरायचं, भिंत फोडायची, की पलीकडे पेढी. हे सगळं प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. कोण काय करणार, कुठली भिंत, कुठलं हत्यार, सगळं. रात्रभर खपून ते भिंत फोडतात आणि बाहेर पडतात त्याच फ्लॅटच्या स्वयंपाकघरात. भिंतच चुकलेली. मग काय करणार? समोर पास्ता आणि चणे दिसतात, ते गरम करून सगळे जेवायला बसतात.

या प्रसंगात मुखवटा नाही, साधूची दाढी नाही, कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही. चोर मूर्खही नाहीत. आपापल्या कुवतीप्रमाणे मनापासून कष्ट करणारी माणसं आहेत. हसू येतं कारण भिंतीच्या पलीकडे काय असायला हवं होतं ते आपल्याला ठाऊक आहे.

आता 'बँक चोर' पाहा. चंपकचा प्लॅन काय आहे? पहिला तासभर आपल्याला कळतच नाही. त्याचं कारण उत्तरार्धात आहे (ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी पुढचं वाक्य गाळावं). अडकलेल्या माणसांतच खरा, घातक गुन्हेगार आहे हे कळतं, आणि शेवटी आणखी एक गिरकी येते: चंपकचं डोकं दिसलं तितकं रिकामं नव्हतं. त्या गिरकीसाठी लेखकांनी प्लॅन झाकून ठेवला. पण प्लॅन झाकला की तो फसण्यातली गंमतही झाकली जाते. मग पूर्वार्धात प्रेक्षकाला हसवायचं कशावर? उरतात टोमणे. दिल्लीकर असे, मुंबईकर तसे. रॅपर बाबा सेहगल बाबा सेहगल म्हणूनच ओलिसांत सापडतो आणि त्याच्यावर कोट्या होतात. विवेक ओबेरॉयच्या सीबीआय अधिकाऱ्याचं नाव अमजद खान, त्यावर कोट्या होतात. चंपकच्या वास्तुश्रद्धेचीही तीच गत. ती कथेला कुठे अडवत नाही, फक्त संवादांना पुरते. तिजोरी चुकीच्या दिशेला आहे म्हणून हा माणूस हात लावायला तयार नाही, असा अडसर त्यातून उभा करता आला असता.

कॉमेडी आणि रहस्य एका ताटात वाढता येत नाहीत असं नाही, पण एक नियम दिसतो. रहस्यपटात प्रेक्षकाला पात्रापेक्षा कमी माहीत असलं तर चालतं. फजितीच्या कॉमेडीत त्याला पात्रापेक्षा जास्त माहीत असावं लागतं. 'बँक चोर' पहिला तास एका नियमाने चालतो, दुसरा तास दुसऱ्या, आणि बदल होताना प्रेक्षकाला कोणी सांगत नाही. 'घनचक्कर'ची गोम जराशी वेगळी. अमिताभ, धर्मेंद्र आणि उत्पल दत्त यांचे मुखवटे घालून केलेला दरोडा झकास आहे, आणि लुटलेले पैसे विसरण्याची कल्पना तर हिऱ्यासारखी. पण संजू खरंच विसरला की सोंग करतोय हे लेखकाने इतका वेळ टांगतं ठेवलं की शेवट रक्तपातात उरकावा लागला.

याच्या उलट २००२ चा विपुल शाहांचा 'आँखें'. 'आंधळो पाटो' या गुजराती नाटकावर बेतलेला. तीन आंधळ्यांकडून बँक लुटवायची म्हणून एक माजी बँक अधिकारी बँकेची हुबेहूब प्रतिकृती उभारतो आणि सुष्मिता सेनकडून त्यांची तालीम घेतो. किती पावलं, कुठे वळायचं, हात कुठे. प्रेक्षक ती तालीम त्यांच्याबरोबर पाठ करतो. म्हणून प्रत्यक्ष दरोड्यात एखादी वस्तू जागेवरून जराशी सरकली तरी त्या तिघांतल्या परेश रावलआधी आपला श्वास अडकतो आणि पाठोपाठ हसू फुटतं. (त्या बँकेचं नाव विलासराव जेफरसन बँक. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख होते, आणि पुढे 'बँक चोर' झाला त्यांचाच मुलगा. पटकथेत असा योगायोग घातला असता तर निर्मात्याने तो कापला असता.)

दुसरं अपयश बँकेचं. ती पाहणाऱ्या प्रेक्षकाचं उदाहरण म्हणून मध्य प्रदेशातल्या जबलपूर जिल्ह्यातलं पाटन घ्या, आपलं साताऱ्याचं पाटण नव्हे. जबलपूर शहरापासून तीसेक किलोमीटरवरचं तहसीलचं गाव. या तहसिलीतून हिरन नदी वाहते, आणि हिवाळ्यात इथला मटार देशभर जातो. १७८१ ते १८१७ या काळात हा मुलूख मराठ्यांच्या अंमलाखाली होता, आधी पेशव्यांच्या सागरकरांच्या आणि मग नागपूरकर भोसल्यांच्या. त्यामुळे जबलपुरात आजही मराठी घरं आहेत आणि चिपळूणकर हे आडनाव नुसतं ऐकून तिथे कोणी हसणार नाही. दिल्ली विरुद्ध मुंबई हा वाद तर पाटनच्या प्रेक्षकाचा नाहीच; त्याला दोन्ही शहरं सारखीच लांब. बँक मात्र त्याच्या रोजच्या ओळखीची असते. पीककर्ज, अनुदान, सोनं गहाण, पासबुक भरून घेणं, सगळं तिथेच. खोटी बँक तो एका नजरेत ओळखतो.

सिनेमातली बँक खोटी का दिसते? चालू शाखा शूटिंगला मिळत नाही. मिळालीच तर सुट्टीच्या दिवशी, आणि आत हात कशालाच लावायचा नाही. म्हणून रिकामं शोरूम भाड्याने घेऊन काचेची केबिन आणि चार काउंटर उभे करतात. खऱ्या तालुक्याच्या शाखेत स्लिपा भरायच्या टेबलावर पेन दोऱ्याने बांधलेलं असतं, आणि बहुतेक वेळा दोरा असतो, पेन नसतं. टोपण नसलेलं पेन खिशातून काढून देणारा, सगळ्यांच्या स्लिपा भरून देणारा एक माणूस असतो, तो बँकेचा नोकर नसतो. खांद्याला बारा बोअरची बंदूक अडकवलेला गार्ड पासबुकाच्या मशीनमध्ये अडकलेली पासबुकं काढून देत असतो. सेटवरचा गार्ड फक्त उभा असतो.

त्याहून मोठी चूक तिजोरीची. सिनेमात मॅनेजरच्या कानाला पिस्तूल लावलं की तिजोरी उघडते. प्रत्यक्षात तिला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे असतात, साधारणतः एक शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी मुख्य कॅशियरकडे. एकट्याला ती उघडता येत नाही. रजेवर जाणारा आपली किल्ली दुसऱ्याच्या हवाली करतो आणि त्याची रजिस्टरात सही होते. या एका नियमात अख्खा विनोदी अंक दडलेला आहे. पिस्तूल रोखून उभा असलेला चोर, आणि रजिस्टरात सही झाल्याशिवाय किल्ली हातात घ्यायला तयार नसलेली कारकून बाई! शिवाय छोट्या शाखेत रोकड ठरावीक मर्यादेपर्यंतच ठेवतात, जास्तीची करन्सी चेस्टला रवाना होते. चुकीच्या दिवशी आलेल्या चोराला हाती लागेल ते त्याच्या भाड्याच्या गाडीच्या डिझेललाही पुरायचं नाही. पण एवढी चौकशी करायला लेखकाला एखाद्या निवृत्त कॅशियरबरोबर दोन दुपारी बसावं लागेल. त्याला पैसे लागत नाहीत, आणि तरी ते कोणी करत नाही.

नोटांचंही तसंच. नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम ४८९-ई होतं, आता भारतीय न्याय संहितेत १८२ आहे. म्हणून सिनेमात 'मनोरंजन बँके'च्या नोटा वापरतात आणि कॅमेरा त्यांच्या जवळ जात नाही. त्यामुळे नोटांना वजन असतं हेही विसरलं जातं. शंभर नोटांचं एक पाकीट, दहा पाकिटांचा एक बंडल, म्हणजे पाचशेच्या नोटांचा बंडल पाच लाखांचा. एक कोटीला असे वीस बंडल आणि वीस किलोंच्या वर वजन. दहा कोटी खांद्यावर टाकून पळणारा नायक दोनशे किलोंहून जास्त ओझं उचलून पळत असतो. हे खरं धरून चाललं तर फुकटचा विनोद आहे.

खऱ्या दरोडेखोरांना हे वजन नीट कळलेलं आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी जबलपूर जिल्ह्यातच, पाटनला नव्हे तर सिहोरा तहसिलीतल्या खितौला इथे, एसाफ स्मॉल फायनान्स बँकेच्या शाखेत सकाळी हेल्मेट घातलेले लोक शिरले आणि अर्ध्या तासाच्या आत मोटारसायकलींवरून निघून गेले. रोकड गेली पाचेक लाख. गहाण ठेवलेलं सोनं गेलं चौदा किलोंच्या वर. म्हणजे नोटांचा बंडल आणि सोन्याचं पाकीट यातलं काय उचलायचं हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. बायाबापड्यांनी बी-बियाण्यासाठी, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेलं ते सोनं. दरोड्याच्या कॉमेडीत लुटलेला पैसा कोणाचा नसतो, बँकेचा असतो, विम्याने भरून निघणारा असतो. म्हणून आपण निर्धास्त हसतो. सोनं आलं की ती सोय जाते, आणि नव्या लेखकाला याचं काहीतरी करावं लागेल.

खऱ्या दरोड्यांत विनोदाचा मात्र तोटा नाही. कर्नाटकात दावणगेरे जिल्ह्यातल्या न्यामतीच्या स्टेट बँकेतून २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये साडेसतरा किलोंच्या वर सोनं गेलं. पाच महिन्यांनी ते सापडलं तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यातल्या एका विहिरीच्या तळाशी. मुख्य आरोपीचा मिठाईचा धंदा होता, बँकेने त्याला कर्ज नाकारलं होतं, आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो 'मनी हाइस्ट' ही स्पॅनिश मालिका पाहून तयार झाला होता. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या विजयपूर जिल्ह्यातल्या चडचणला १६ सप्टेंबर २०२५ रोजी लष्करी गणवेशासारखे कपडे घातलेल्यांनी स्टेट बँक लुटली, सुमारे वीस किलो सोनं आणि कोटीभर रोकड. मग गाडी सोलापूरकडे सुटली आणि मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंती गावात अडकली. पुढे त्याच गावात एका घराच्या छपरावर सोन्याची आणि नोटांची बॅग सापडली. लष्करी शिस्तीत सुरू झालेला प्लॅन हुलजंतीच्या गल्लीत संपला.

नवी मुंबईतल्या जुईनगरचं प्रकरण मला या सगळ्यांत सिनेमाच्या सर्वांत जवळचं वाटतं. नोव्हेंबर २०१७, म्हणजे 'बँक चोर' येऊन गेल्यावर पाचच महिने. बँक ऑफ बडोदाच्या शेजारचा गाळा काही महिने आधी भाड्याने घेतला, त्यात किराणा दुकान थाटलं, आणि दुकानातून बँकेपर्यंत भुयार खणून तीस लॉकर फोडले. वूडी ॲलनच्या २००० सालच्या 'स्मॉल टाइम क्रूक्स'मध्ये असंच दुकान आहे. वर बायको बिस्किटं विकते, खाली नवरा भुयार खणतो. भुयार फसतं आणि बिस्किटांचा धंदा तुफान चालतो. जुईनगरच्या दुकानात काउंटरवर बसणाऱ्याने काही महिने गिऱ्हाइकांना साबण आणि डाळ कशी विकली असेल, उधारी मागणाऱ्या शेजारणीला काय सांगितलं असेल, पाठीमागून खणल्याचा आवाज आला तेव्हा रेडिओ मोठा केला असेल का? पटकथा तिथेच आहे. काउंटर, वजनकाटा, मागे एक पडदा. पंचवीस ओलिसांची गरजच नाही.

मराठी सिनेमा बँक लुटायला फारसा जात नाही, पैशामागे धावतो तो 'येरे येरे पैसा'सारख्या धावपळीत. याचं एक कारण मला असं वाटतं की मराठी माणसाच्या अनुभवात बँक लुटणारा दारातून येत नाही, तो आधीच आत बसलेला असतो. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत कागदोपत्री तिजोरीत असलेल्या रोकडीतले १२२ कोटी प्रत्यक्षात नसल्याचं उघड झालं. पाचशेच्या नोटांत ती रक्कम दोन टनांहून जास्त भरते. मुखवटा नाही, पिस्तूल नाही, ओलीस म्हणावं तर सगळे खातेदार. अशा ठिकाणी हत्तीचा किंवा घोड्याचा मुखवटा घालून शिरणाऱ्या चोराची कीव येणार, आणि त्या कीवेतून चांगली कॉमेडी निघू शकते: चंपकने तिजोरी उघडली आणि ती आधीच रिकामी होती. हा प्रसंग पडद्यावर अजून कोणी नीट मांडलेला मला आठवत नाही.

जमलेला एक नमुना १९९० चा 'क्विक चेंज'. बिल मरे विदूषकाच्या वेषात बँक लुटतो. तेवढंच वर्णन ऐकलं तर 'बँक चोर'चाच भाऊ वाटेल. पण तिथे दरोडा सुरुवातीलाच यशस्वी होतो आणि उरलेला सगळा चित्रपट ती माणसं न्यूयॉर्कमधून विमानतळापर्यंत पोचू पाहतात, एवढ्यावर चालतो. रस्ता चुकतो, टॅक्सीवाल्याला भाषा कळत नाही, बसचा चालक सुट्ट्या पैशांसाठी अडून बसतो. प्लॅन एका ओळीचा, विमानतळ गाठा, आणि तो प्रेक्षकाला पाठ.

पाटनला हाच चित्रपट करायचा तर डिसेंबर-जानेवारी निवडावा, मटाराच्या हंगामात. मंडईकडे निघालेल्या ट्रॉल्यांची रांग रस्त्याला लागलेली असते. त्या भाड्याने आणाव्या लागणार नाहीत. दरोडा पहिल्या पंधरा मिनिटांत उरकून घ्यावा, बँकेचा सेट तीन दिवसांत मोडावा, आणि सोन्याची पाकिटं मटाराच्या पोत्यात दडवून चोरांना जबलपूरच्या रस्त्यावर सोडावं. मंडईत पोतं उतरवलं की आधी ते काट्यावर चढणार, आणि मटाराच्या पोत्याचं वजन किती भरायला हवं हे तिथल्या हमालाला हातानेच कळतं.